सगळ्या बाह्या डाव्या

दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम होतं आणि त्याचा मला पगार मिळत असे. नातेवाइकांमध्ये हे सांगितलं की हटकून कोणीतरी म्हणतं, "त्यात काय, सासूबाई हेच काम फुकट करायच्या!" पण माझं काम खरोखरच नोकरीचं होतं. बऱ्हाणपूरला शनवारा दरवाजाच्या मागच्या गल्लीत शाळेचे गणवेश शिवण्याचा एक कारखाना होता. तिथे मी चेकिंगला बसत असे. शिवून आलेला प्रत्येक शर्ट टेबलावर पसरायचा, शिवण ओढून बघायची, लोंबणारे दोरे कातरायचे, आणि चूक दिसली की खडूने गोल करून परत पाठवायचा. निर्दोष शर्टावर खूण करायची पद्धतच नव्हती. तो गुपचूप घडीला जायचा. याची खंत मला आत्ता निवृत्तीनंतर वाटते. इतक्या बायांनी इतकं सुरेख काम केलं आणि माझा खडू मात्र फक्त वाकड्या शिवणीपाशी थांबला.

मी मूळची जळगावकडची. यजमान कागदाच्या मिलमध्ये होते म्हणून या बाजूला आले. मिलचं काम कमी होत गेलं, त्यांना लवकर घरी बसावं लागलं, आणि मी पदर खोचून बाहेर पडले. शिवण मला बेताचीच येत होती. कारखान्याच्या मालकांनी, नंदूसेठनी विचारलं, "मग येतं काय?" मी म्हटलं, "दुसऱ्याचं काय चुकलं ते बरोबर दिसतं." ते हसले आणि म्हणाले, "मग बसा इथे. घरच्यांचीही सुटका होईल."

नंदूसेठ स्वतः शिंप्याच्या घरातले. वडिलांच्या एका मशीनपासून त्यांनी हा कारखाना उभा केला होता. डोकं तापलं की तोंडाला लगाम नसे, पण दुपारच्या चहाला सगळ्यांच्या आधी स्वतः कप धुवून घ्यायचे. आमच्या गावात दिवसभर यंत्रमागांची खटखट चालू असते. परक्या माणसाचं डोकं उठतं, आम्हाला ती बंद पडली तरच चुकल्यासारखं वाटतं. त्या खटखटीत आमची शिलाई मशीनं म्हणजे अगदीच मवाळ.

कामाला माणसं कुठून कुठून आलेली! खान्देशातल्या मुली, गावातल्याच बाया, आणि वरच्या मजल्यावर बिहारकडची चार-पाच मुलं. ती मुलं तिथेच राहायची. खोली सेठची, काम सेठचं. हे सोयीचं असतं तोवर फार सोयीचं असतं. पण आमच्या धंद्यात सगळीकडे एक वाईट रीत होती. काम सुटलं की खोली सुटली, आणि ती त्याच दिवशी. पत्र्याची पेटी रस्त्यावर आणून ठेवायची, म्हणजे माणूस काय ते समजतो. शेजारच्या कारखान्यांपुढे अशा पेट्या मी पाहिल्या होत्या. पेटीशेजारी उभा असलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत नाही.

आमचा कटिंग मास्टर दिनेश हा त्या बिहारच्या मुलांपैकीच. गयाकडचा. उंच, बारीक, आणि बोलायला लागला की स्वतःला 'हम' म्हणणारा. सुरुवातीला मला वाटायचं, हा किती जणांबद्दल बोलतोय! लॉकडाऊनमध्ये सगळे आपापल्या गावी गेले, तसा तोही हाल काढत गेला. पुन्हा गाड्या सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांत आधी परतला तो हा. सेठ खूश. "बघा, कामाची ओढ याला म्हणतात!" मी आणि बटणांची काजं करणारी सलमाबी एकमेकींकडे बघून पुन्हा कामाला लागलो. ओढ कशाची होती ते आम्हाला ठाऊक होतं.

ती ओढ बाह्या जोडायच्या मशीनवर बसायची. मीना तिचं नाव. रावेरकडच्या एका खेड्यातली, वडील गेलेले, कर्ता तो मोठा भाऊ. इथे नदीपलीकडे जैनाबादला मावशीकडे राहून कामाला यायची. दिनेशचं आणि तिचं बोलणं म्हणजे कामाचंच. "मास्टर, या गठ्ठ्यात खाच कमी पडली." "लाओ, देखते हैं।" बस, एवढंच. पण कापलेल्या बाह्यांच्या तिच्या गठ्ठ्याची गाठ तो स्वतः बांधायचा आणि ती इतकी सैल असायची की एका बोटाने सुटावी. बाकी आम्ही कातरीने तोडायचो. चेकिंगवालीच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, मांडे होतात. एका सकाळी मीना माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"काकू, आखाजीले भाऊ मले न्याले येऊन राहिला."

"मग चांगलं आहे की. झोके खेळून ये."

"परत नाही पाठवनार. एक ठिकान पाहेल आहे म्हने त्यानं. बायको मरेल आहे त्या मानसाची, दोन पोरं आहेत."

"तू काय म्हणालीस?"

"मले कोनी इचारलंच नाही."

दिनेशला सांगितलंस का, असं मी विचारलं तेव्हा तिने मान डोलावली. सांगितलं होतं, आत्ताच, जिन्यात. आणि तिथून तो थेट बाह्यांचं कापड पसरायला गेला होता.

आता थोडं धंद्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कारखान्यात शर्ट एकेक कापत नाहीत. लांब टेबलावर कापडाचे थरावर थर पसरतात, वर पुठ्ठ्याचा नमुना ठेवतात, त्याला फर्मा म्हणतात, आणि मशीनने सगळे थर एकदम कापतात. डावी बाही आणि उजवी बाही सारखी दिसते पण सारखी नसते. खांद्याशी जिथे बाही जोडतात त्या मुंढ्याची गोलाई पुढच्या बाजूला जास्त खोल असते. कापडाला जर सुलट आणि उलट वेगळी असेल, तर मास्टर एक थर सुलट आणि एक उलट असे पसरतो. मग एकाच फर्म्यातून डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाह्या निघतात. त्या शाळेच्या चौकड्याच्या कापडाला वरून चकाकी होती आणि खालून ते मळकट दिसायचं. दिनेशने त्या दिवशी सगळे थर सुलटच पसरले. जिन्यातलं बोलणं डोक्यात घोळत असणार. पाठी आणि पुढचे भाग आदल्या दिवशी नीट कापून झाले होते. बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या.

दुपारी मीना दोन शर्ट घेऊन आली. काही न बोलता तिने ते माझ्यापुढे पसरले. एकाची उजवी बाही पाठीकडे वळत होती. दुसऱ्याचीही.

"काकू, गठ्ठा सोडून पाह्यला. सगळ्या डाव्या आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिचा आवाज अगदी सरळ होता. तिला वाटलं असतं तर गठ्ठा पुन्हा बांधून तिला गप्प बसता आलं असतं, निदान संध्याकाळपर्यंत. पण काम ते काम. तिने चूक माझ्याकडे आणली आणि चूक कोणाची हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी दिनेशला हाक मारली. त्याने बाह्या हातात घेतल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि खालीच बसला.

"हमसे गलती हो गया, चाची। बहुत बड़ा गलती हो गया।"

कापड राजस्थानातल्या भीलवाड्याहून आलेलं. त्याच रंगाचं पुन्हा मिळायची खात्री नाही, आणि शाळा उघडायच्या आत माल द्यायचा. नंदूसेठ आले, बाह्या पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्या वेळी ते जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगते: "आत्ताच्या आत्ता निघायचं. सामान घे आणि चालू पड."

रखवालदाराने वरून दिनेशची पेटी आणली आणि बाहेर उन्हात रस्त्याच्या कडेला ठेवली. वरती पिवळ्या रंगाने त्याचं नाव लिहिलेलं होतं. तो पेटीशेजारी उभा राहिला. गाडीही नव्हती त्या वेळी गयाच्या बाजूला जाणारी. आणि आम्हाला सगळ्यांना दिसत होतं की हा गेला म्हणजे मीनाही गेली. तिला थांबायला इथे उरणार काय होतं? आखाजीला भाऊ येणार, ती मुकाट्याने गाडीत बसणार.

मीनाने तिच्या मशीनची मोटर बंद केली. उठली, सरळ दाराबाहेर गेली, आणि त्या पेटीवर जाऊन बसली.

हे वाचायला साधं वाटेल. भर दुपारी, शनवाऱ्याच्या गल्लीत, लग्नाची मुलगी परक्या पुरुषाच्या पेटीवर बसते म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पानवाला पान लावायचा थांबला. समोरच्या माडीवर दोन खिडक्या उघडल्या. दिनेश घाबरून म्हणाला, "उठिए, मीना जी, लोग देख रहे हैं।" ती म्हणाली, "पाहू दे."

आत सगळी मशीनं एकेक करून बंद झाली. सलमाबीने पदर डोक्यावर ओढला, बाहेर आली आणि मीनाला कोपराने सरकवत म्हणाली, "हट जरा, मुझे भी बैठने दे।" मग आणखी एक, मग आणखी एक. पेटी ती केवढी! एका वेळी दोघी कशाबशा मावायच्या. मग आम्ही पाळीपाळीने बसायला लागलो. मीही बसले. पत्रा इतका तापला होता की बसता क्षणी उठावंसं वाटलं, पण उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काम टाकून रस्त्यावर बसले होते, आणि खरं सांगते, भीतीपेक्षा आनंदच जास्त होता. ज्या बाया पंख्याच्या वाऱ्यावरून आणि डब्यातल्या लोणच्यावरून रोज भांडत, त्या त्या दिवशी एकमेकींच्या डोक्यावर ओढणीची सावली धरत होत्या.

सेठ दारात आले. "हे काय चाललंय? काम करायचं नाही कोणाला?"

कोणीतरी बोलायला हवं होतं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "करायचं आहे, सेठ. चूक झाली, ती आम्हीच तुमच्यापुढे आणली. मास्टरला ठेवायचं की काढायचं ते सगळ्यांसमोर बसून बोला. पण पेटी रस्त्यावर ठेवायची नाही. आज नाही आणि पुढेही कोणाची नाही. काम सुटलं तरी दुसरी जागा मिळेपर्यंत माणूस खोलीत राहील."

"आता तुम्ही मला कायदा शिकवणार, काकू?"

"कायदा मला कुठे येतो? मी चूक दाखवते. तेच माझं काम आहे."

ते तसेच आत निघून गेले. आम्ही बसून राहिलो. ऊन कलायला लागलं. आतून काही आवाज नाही. रिकाम्या कारखान्यात एकटा माणूस काय करत असेल याची मला थोडी काळजीच वाटायला लागली. मालक असला तरी माणूस वाईट नव्हता, आणि त्याच्याही डोक्यावर शाळेचा माल होता.

बऱ्याच वेळाने नंदूसेठ बाहेर आले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कानाला खडू, एका हातात डावी बाही आणि दुसऱ्या हातात फर्मा. आमच्यापैकी कोणाकडे न बघता ते दिनेशपाशी गेले आणि रस्त्यावरच, पेटीच्या मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यावर, त्यांनी ती बाही पसरली.

"मास्टर, इकडे बघ. फर्मा उलटा करून चार बोटं खाली सरकवला तर?"

दिनेश वाकला. "उजवी निकल आएगी, सेठ। लेकिन लंबाई कम पड़ेगी।"

"पडू दे कमी. फुल बाही नाही, हाफ बाही. डाव्याही कापून तेवढ्याच करायच्या."

"स्कूलवाले मानेंगे?"

"ते काकू बघतील."

शिंप्याचा मुलगा शेवटी शिंपीच. चुकलेलं कापड हातात आलं की त्याला राग धरून बसता येत नाही. दिनेश आणि सेठ दोघं डोक्याला डोकं लावून खडूच्या रेघा मारायला लागले, तेव्हा सलमाबी म्हणाली, "पहले संदूक अंदर, फिर कैंची।" सेठनी वर पाहिलं. सगळ्या बायांवरून एकदा नजर फिरवली आणि मग मोठ्याने म्हणाले, "पेटी आत. इथून पुढे माझ्या दारात कोणाची पेटी बाहेर येणार नाही. झालं समाधान?" आणि पेटीची एक कडी त्यांनी स्वतः धरली. ती रीत आमच्या कारखान्यात तेव्हापासून मोडली ती मोडलीच.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. तिथल्या मोठ्या बाई कडक शिस्तीच्या. माहितीपत्रकावर त्यांनी फुल बाहीच्या शर्टातल्या आणि टाय लावलेल्या मुलांचं चित्र छापलं होतं. मी झालं ते काही न लपवता सांगितलं आणि हाफ बाहीचा एक शर्ट पुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "फुल बाहीने मुलं व्यवस्थित दिसतात." बोलताना त्या हातातल्या वहीने वारा घेत होत्या, कारण वीज गेली होती. मी म्हटलं, "बाई, फोटोत दिसतात. वर्गात ती बाह्या वर सारून बसतात. मग एकाची कोपरापर्यंत, एकाची खांद्यापर्यंत. ही हाफ बाही निदान सगळ्यांची एकसारखी दिसेल." त्या वारा घ्यायच्या थांबल्या. मग हसल्या. त्या शाळेची मुलं अजूनही हाफ बाहीच घालतात आणि माझी दोन नातवंडं त्यांतलीच आहेत.

पण मुख्य गोष्ट अजून व्हायची होती. पेटीची बातमी नदी ओलांडून जैनाबादला पोचली, तिथून रावेरला. आखाजीच्या आदल्या दिवशी मीनाचा भाऊ थेट कारखान्याच्या दारात उभा राहिला. रुंद खांद्याचा, केळीच्या बागेत राबणारा माणूस. सोबत रिक्षा थांबवलेली. मीनाची पिशवी मावशीकडून आधीच आणून रिक्षेत ठेवलेली.

"काकू, हिले न्याले आलो. लोकं काय काय बोलून राहिले, तुमाले माहीत हाये का? म्हने परक्याच्या पेटीवर बसली."

मी त्याला बसायला खुर्ची दिली. सेठनी चहा आणि मावा जिलबी मागवली. त्याने हात लावला नाही. दिनेश कटिंगच्या टेबलामागे उभा होता, हातात कात्री तशीच. तेवढ्यात सलमाबी काजाच्या मशीनवरून उठली.

"भाईजान, वो अकेली नहीं बैठी थी। मैं भी बैठी थी उस संदूक पे। अब मेरा भी निकाह पढ़वाओगे क्या इसके साथ? मेरे तो पोते हैं।"

बाया फसकन हसल्या. भावाच्या मिशीखाली काहीतरी हललं. सेठ लगेच म्हणाले, "सगळ्याच बसल्या होत्या हो. कारखान्याचा मामला होता, घरचा नव्हता." झाल्या गोष्टीवर पडदा छान पडत होता. भावालाही तो हवा असावा. गावात जाऊन सांगायला त्याला उत्तर मिळत होतं.

मीना मशीनवरून उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, सगळ्या मंग बसल्या. पह्यली मी बसली होती. अन् कारखान्यासाठी नाही बसली."

कोणी हसलं नाही. बाहेरच्या मागांची खटखट तेवढी ऐकू येत होती. मग भावाने दिनेशला विचारलं, गाव कोणतं, घरी कोण, जात कोणती. दिनेशने सगळं सरळ सांगितलं. जात एक नव्हती, भाषा एक नव्हती, गाव तर दोन दिवसांच्या अंतरावर. "घरले का सांगू मी?" भाऊ स्वतःशीच म्हणाला. मग मीनाकडे वळून, "त्या मानसाले मी हो सांगेल आहे ना वं."

"मले इचारून सांगतलं होतं का?"

वडिलांच्या माघारी या माणसाने बहिणीला वाढवलं होतं आणि आपण तिच्या भल्याचंच करतो आहोत याची त्याला खात्री होती. त्याच्याकडे पाहून मला वाईट वाटलं. मी इतकंच म्हटलं, "दादा, कपड्यातली चूक मला दिसते. माणसातली दिसते असं म्हणणार नाही. पण या मुलाला मी रोज बघते, आणि तुमची बहीण चूक लपवणाऱ्यांतली नाही. ती जे म्हणते त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवेन."

त्याने कपातला गार झालेला चहा एका घोटात संपवला. उठला. मला वाटलं, संपलं. दारापर्यंत गेला, रिक्षातली पिशवी काढून आत आणली, आणि मीनाच्या मशीनखाली ठेवली. मग कटिंगच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात जरासे बाजूला पसरले.

"मास्टर, माप घे. शर्ट शिव मह्यासाठी."

आमच्याकडे कधी कोणा माणसाचं माप घेतलंच जात नाही. आम्ही नंबरावर शिवतो, अठ्ठावीस, तीस, बत्तीस. अंगावर टेप लावायची दिनेशला सवयच नव्हती. टेप त्याच्या हातातून दोनदा खाली पडली. शेवटी मीना पुढे आली आणि टेपचं दुसरं टोक तिने धरलं.

नंदूसेठनी हळूच विचारलं, "शर्ट कशासाठी, पाहुणे? आखाजीला?"

"नाही," तो छाती फुगवून, मापासाठी ताठ उभा राहत म्हणाला. "बहिनीच्या लगनात घालाले."